चौसष्ट उर्फ

मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा आईने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि विचारलं, “ही कोण रे?” ‘चि. सौ. कां.’च्या पुढे चार अक्षरी, सुरेख, संस्कृत नाव होतं. आम्ही त्या मुलीला गेली सव्वीस वर्षं गुड्डी म्हणतो. पूर्वी अशा वेळी नावापुढे ‘उर्फ गुड्डी’ छापायची पद्धत होती आणि सगळ्या गावाचा प्रश्न सुटायचा. पण नवऱ्या मुलाच्या कचेरीतले काही जर्मन साहेब लग्नाला येणार होते आणि जर्मन लोकांसमोर गुड्डी नको, असं बहिणीने ठरवलं. उर्फ गाळला गेला. मुहूर्त रविवारी दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी होता.

त्याच रविवारी सकाळी साडेआठ ते साडेबारा असा माझाही एक मुहूर्त होता. मी मेनफ्रेमवर काम करतो. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची शनिवारची रात्र, म्हणजे ज्या वेळी त्याच्या यंत्राला हात लावला तर कमीत कमी लोक ओरडतील अशी वेळ, आपल्याकडे बरोबर रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला येते. याला आम्ही ‘विंडो’ म्हणतो. लग्नाचा मुहूर्त टळला तर गुरुजी दुसरा काढून देतात. विंडो टळली तर तीन आठवडे सह्या गोळा करत फिरावं लागतं.

मेनफ्रेम म्हटलं की नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात. “ते अजून आहे?” आणि “मग तुझी नोकरी राहील ना?” पहिल्याचं उत्तर असं, की आयबीएमने सिस्टिम ३६० हे घराणं ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलं. त्या काळाच्या वळणाने लिहिलेले प्रोग्रॅम आजच्या यंत्रावरही बिनतक्रार चालू शकतात, आणि जगातल्या बऱ्याच मोठ्या बँकांचे हिशेब रात्री तिथेच जुळतात. दुसऱ्याचं उत्तर मी देत नाही.

आता डिस्कची गोष्ट. मेनफ्रेमवाले तिला डिस्क म्हणत नाहीत, ‘डॅझडी’ म्हणतात. बाकी जग ‘बूट’ करतं, आम्ही ‘आयपीएल’ करतो आणि आयपीएल म्हणताना आमच्या मनात क्रिकेट येतसुद्धा नाही. १९८९ साली ३३९० नावाची डॅझडी आली. तिच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट मावत. पंधरा ट्रॅकचं एक सिलिंडर. मॉडेल ३ मध्ये अशी ३,३३९ सिलिंडरं, म्हणजे सगळं मिळून सुमारे २.८ गिगाबाइट. पाहुण्यांच्या मोबाइलवरचे बारशाचे व्हिडिओ याहून जास्त भरतात. ती खरीखुरी, फिरणाऱ्या तबकड्यांची ३३९० आज कोणी बनवत नाही. पण सगळे हिशेब, सगळे प्रोग्रॅम, सगळ्या सवयी तिच्या मापाने शिवलेल्या. म्हणून आजची पेटी आतून फ्लॅशची असली, तरी मेनफ्रेमसमोर ती रोज ‘मी ३३९०, मला सिलिंडरं आहेत’ असं सांगत उभी राहते. नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व रंगमंचावर रुक्मिणी म्हणून उभे राहत, तेव्हा शालूच्या आत काय आहे हे अख्ख्या थिएटराला माहीत असायचं आणि कोणाचंच काही बिघडत नसे. तसंच हे.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. जुन्या डिस्कला डोकी अनेक असली तरी हात एक. एका वेळी एकाच जागी जाणार. तेव्हा मेनफ्रेमने नियम केला, की एका डिस्ककडे एका वेळी एकच निरोप. प्रत्येक डिस्कच्या नावे यंत्राच्या स्मरणात एक छोटी चिठ्ठी असते, तिला यूसीबी म्हणतात. निरोप गेला की चिठ्ठीवर ‘काम चालू आहे’ अशी खूण. पुढचा निरोप घरातच रांगेत. डिस्कच्या दारात उभा राहायलासुद्धा त्याला घराबाहेर सोडत नाहीत. या घरातल्या रांगेला आयओएसक्यू म्हणतात आणि कार्यक्षमतेच्या अहवालात हा आकडा वाढला की साहेबांचे फोन सुरू होतात.

आमच्या वाड्यात पूर्वी एक नळ होता. भिंतीवर पाटी : ‘एका बिऱ्हाडाची एका वेळी एकच बादली.’ नळ एक होता तोवर पाटी रास्त होती. मग मालकाने टाकी बांधली आणि आत आठ तोट्या बसवल्या, पण पाटी तशीच. मालक म्हणाला, पाटी आजोबांच्या हातची आहे, ती उतरवायची नाही. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी डोकं चालवलं. पहिली बादली ‘जोशी’ म्हणून. दुसरी ‘जोशी उर्फ अण्णा’ म्हणून. तिसरी ‘जोशी उर्फ बेबी’ म्हणून. पाटीचा मान राहिला, पाणी तिप्पट आलं.

मेनफ्रेमवाल्यांनी नेमकं हेच केलं. १९९९ साली ‘शार्क’ या टोपणनावाने ओळखली जाणारी साठवण-पेटी आली (तिचंही खरं नाव लांबलचक होतं आणि कोणी घेत नसे) आणि तिच्याबरोबर ‘पॅव्ह’ नावाची सोय आली. डिस्क एकच, पण तिला मूळ नावाशिवाय आणखी नावं द्यायची. मूळ नाव ते ‘बेस’, बाकीची ‘एलियस’. प्रत्येक नावाची वेगळी चिठ्ठी, त्यामुळे प्रत्येक नावाने एकेक निरोप एकाच वेळी जाऊ शकतो. पस्तीस वर्षांचा नियम कोणी मोडला नाही. फक्त नावं वाढवली. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावावर लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. बेस एक, एलियस दोन, आणि तिन्ही रांगा जोरात चालू.

सुरुवातीला उर्फ ठरलेले असत : हा या डिस्कचा, तो त्या डिस्कचा. मग यंत्रातला एक व्यवस्थापक गरज पाहून ते इकडचे तिकडे करू लागला, पण सोसायटीच्या कमिटीसारखा. त्याचा निर्णय होईपर्यंत गरज संपलेली असायची. २००६ साली ‘हायपरपॅव्ह’ आलं आणि खरा सुटसुटीतपणा आला. आता सगळे उर्फ एका डब्यात. ज्याला बादली भरायची त्याने डब्यातून एक नाव उचलायचं, फेरी मारायची आणि नाव परत डब्यात टाकायचं. डबा मात्र मजल्यागणिक वेगळा. आमच्या भाषेत मजल्याला एलसीयू म्हणतात. एका मजल्यावर दोनशे छप्पन्न खोल्या, त्यात बेस आणि एलियस मिळून सगळे बसवायचे. रिवाज असा की बेस खालून, शून्याकडून चढत जायचे आणि एलियस वरून, एफएफ या शेवटच्या खोलीकडून उतरत यायचे. मध्ये कुठे तरी दोघांची गाठ पडू नये म्हणजे झालं.

यात एकच मेख आहे. उर्फ दोन्हीकडे ठाऊक असावा लागतो. मेनफ्रेमच्या नोंदवहीत ‘या खोलीत एलियस राहतो’ असं लिहिलेलं पाहिजे आणि पेटीच्या नोंदवहीतही त्याच मजल्यावर, त्याच खोलीत एलियस पाहिजे. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, की तो उर्फ हवेत. यंत्र भांडत नाही, तांबडा दिवा लावत नाही. मुकाट्याने एका नावावर काम करत राहतं आणि घरातली रांग वाढत जाते. (सासरी बदललेलं नाव आणि माहेरी चालू असलेलं नाव यांचा मेळ बँकेच्या खिडकीवर कसा लागतो हे ज्या स्त्रियांनी अनुभवलंय, त्यांना पुढचं वाचायची गरज नाही.)

तर त्या रविवारी आमचं काम एवढंच होतं : ‘१ई’ या मजल्यावर चौसष्ट डिस्का होत्या, ७ई०० ते ७ई३एफ. त्यांची रांग वाढली होती. त्यांच्या मदतीला चौसष्ट उर्फ द्यायचे, ७ईसी० ते ७ईएफएफ. मेनफ्रेमकडची नोंद मी करणार, पुण्यातून. पेटीतली नोंद स्टोरेजवाले भाऊ करणार, नागपुरातून. अमेरिकेतून गिऱ्हाइकाकडच्या बाई फोनवर. आणखी एक वयोवृद्ध अमेरिकन गृहस्थ फोनवर होते, त्यांनी या क्षेत्रात चाळीस वर्षं काढलेली. ते दर दहा मिनिटांनी “हंऽऽ” एवढंच म्हणत, पण त्या हंकाराचा आम्हाला धाक वाटे.

पावणेदहापर्यंत सगळं झालं. भाऊ म्हणाले, “टाकले चौसष्ट.” मी माझ्याकडची नवी नोंद लागू केली, पोह्यांचा घास घेतला आणि ७ई०० ची चौकशी करणारी आज्ञा दिली. उत्तरात ‘हायपरपॅव्ह एलियस इतके’ अशी ओळ यायला हवी होती. ओळच नव्हती. मग ‘डेव्हसर्व्ह क्यूपॅव्ह्स’ नावाची आज्ञा दिली. ही आज्ञा मला फार आवडते. ती दोन रकाने शेजारी शेजारी छापते, एकात मेनफ्रेम काय समजतो ते, दुसऱ्यात पेटी काय समजते ते. लग्न ठरवताना अशी सोय असती तर किती तरी घरं वाचली असती. पूर्ण मजल्याची यादी मागितली. खाली हिशेबाची ओळ आली : इतके डिव्हाइस निकषात बसले. आकडा हवा होता एकशे अठ्ठावीस. आला चौसष्ट.

“भाऊ, माझ्याकडे एकही उर्फ दिसत नाही.”

“माझ्याकडे तं चौसष्टच्या चौसष्ट दिसून राहिले.”

“हंऽऽ,” अमेरिका.

आता संशयितांना एकेक करून उभं केलं. पहिला संशयित हायपरपॅव्हचं बटण. ते चालू होतं. दुसरा, पेटीचा परवाना, कारण ही सोय पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. पैसे मोजलेले होते. तिसरा संशयित मी स्वतः. नोंदवहीत बेस म्हणजे ‘३३९०बी’ आणि एलियस म्हणजे ‘३३९०ए’ असं लिहावं लागतं. एका अक्षराचा फरक, आणि रात्री दोन वाजता ती नोंद लिहिलेली. तीनदा तपासली, बरोबर होती. चौथा संशयित थोडा आडवळणाचा. खोल्यांचे क्रमांक संपायला लागले म्हणून २००५ सालच्या यंत्रापासून एलियसांना एका वेगळ्या, दुसऱ्या संचात ठेवायची मुभा मिळाली. तिथे त्यांच्या चार आकडी क्रमांकापुढे एक ‘१’ लागतो. म्हणजे ७ईसी० चा होतो १७ईसी०. एवढ्याने ओळख हरवली असेल का? नव्हती हरवली.

मग मी हताश होऊन जे करू नये ते केलं. १७ईसी० ला सरळ ऑनलाइन यायची आज्ञा दिली. मेनफ्रेमने नकार दिला. उर्फला परस्पर हाक मारता येत नाही. बेस जागा झाला की त्याच्यामागोमाग मजल्यावरचे उर्फ आपोआप ओळखले जातात, असा शिष्टाचार आहे. लिनक्सवाल्यांकडे मात्र एलियसला चक्क वेगळं उठवावं लागतं, आणि त्यांच्या यादीत हायपरपॅव्हच्या उर्फापुढे मूळ डिस्कच्या पत्त्याच्या जागी नुसतं ‘एक्सएक्स’ येतं. म्हणजे कोणाचाही आणि कोणाचाच नाही. लिनक्सवर काम करणारा माझा शेजारी याला ‘जावई धर्मशाळेचा’ म्हणतो.

साडेअकरा झाले. बायको दारात जरीची साडी नेसून उभी. मी हाताने ‘पाच मिनिटं’ अशी खूण केली. या खुणेवर तिचा विश्वास लग्नाच्या दुसऱ्या वर्षी उडाला होता. ती आईला घेऊन रिक्षाने निघून गेली.

गंमत अशी, की भाऊ खोटं बोलत नव्हते आणि मीही नव्हतो. चौसष्ट उर्फ होते आणि नव्हते. एकमेकांचे पडदे पाहता आले असते तर दोन मिनिटांत निकाल लागला असता, पण गिऱ्हाइकाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे पडदा दाखवायला बंदी. बोलायला बंदी नव्हती. शेवटी अमेरिकेतले वृद्ध गृहस्थ ‘हं’च्या पलीकडे प्रथमच काही बोलले. म्हणाले, “त्याला त्याच्यासमोर जे दिसतंय ते मोठ्याने वाचायला सांग. अक्षर न् अक्षर.”

भाऊंनी वाचायला सुरुवात केली. “एक, डी, सी, शून्य. एक, डी, सी, एक...”

“थांबा. डी की ई?”

“डी.”

“ई म्हणालात?”

“डी जी! डी, डी... डी म्हणजे दही!”

फोनवर पाच सेकंद कोणीच बोललं नाही.

वाचकहो, षोडशमान पद्धतीत आकड्यांना जोड म्हणून इंग्रजीतली सहाच अक्षरं घेतली आहेत : ए, बी, सी, डी, ई, एफ. सव्वीस अक्षरं समोर असताना त्या शहाण्यांनी पहिली सहा उचलली, आणि त्यातली बी, सी, डी, ई ही चार एकाच यमकात. पोळपाटावरच्या पोळ्यांसारखी. फोनवर, त्यातून नागपुरात कूलर चालू असताना, ही चार अक्षरं वेगळी ओळखणारा माणूस अजून जन्मायचा आहे. विमानवाल्यांना हे फार पूर्वी कळलं, म्हणून ते ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको म्हणतात. आम्ही ‘बी फॉर बटाटा’ म्हणतो, तेही भांडण झाल्यावर.

गुरुवारी आमची पूर्वतयारीची बैठक झाली होती. मी म्हणालो होतो, “वन-ई.” भाऊंनी वहीत लिहिलं होतं, “वन-डी.” चेंजच्या, म्हणजे या रविवारच्या बदलाच्या, अधिकृत कागदात, जिथे हा मजला पांढऱ्यावर काळा व्हायचा, त्या रकान्यात काय लिहिलं होतं? ‘ॲज डिस्कस्ड.’ चर्चेप्रमाणे. खाली पाच जणांच्या सह्या. एकानेही चर्चा काय झाली ते विचारलं नव्हतं, आणि त्या पाचांत एक सही माझी होती.

‘१डी’ हा चाचणीचा मजला. तिथेही नेमक्या चौसष्टच डिस्का, म्हणून पेटीलाही शंका आली नाही. तिने प्रत्येक डिस्कमागे एक असे चौसष्ट उर्फ एफएफपासून उतरते इमानदारीत बसवून दिले. आठवड्यातून एकदा कोणी तरी ज्या डिस्कांची धूळ झटकतं, त्यांच्या दिमतीला चौसष्ट नावं. आणि मेनफ्रेमच्या नोंदवहीत तिथल्या उर्फांचा पत्ताच नसल्यामुळे त्यांना हाक मारणारं कोणी नाही. रात्रंदिवस बँकेचा बोजा वाहणाऱ्या ‘१ई’वर मात्र प्रत्येक डिस्क एकाच नावाने, एकेक बादली घेऊन उभी.

त्यापुढचं काम दहा मिनिटांचं होतं. भाऊंनी आज्ञा पुन्हा दिली, यावेळी ‘ई म्हणजे ईडलिंबू’ असं तीनदा म्हणून. मी खात्रीसाठी ७ई३एफ ही रिकामी डिस्क एकदा ऑफलाइन करून परत ऑनलाइन आणली. चौकशी केली. ‘हायपरपॅव्ह एलियस’ची ओळ आली आणि पुढे चौसष्ट. यादीचा हिशेब एकशे अठ्ठावीस. रांगेचा आकडा बघता बघता शून्याला टेकला. १२ वाजून २२ मिनिटं झाली होती. अमेरिकेतून “हंऽऽ” आलं, पण या वेळी स्वर वेगळा होता. अहवालात ‘मूळ कारण’ निवडायला तयार पर्यायांची यादी असते. त्यात ‘दही’ नव्हतं. मी ‘कम्युनिकेशन गॅप’ निवडलं.

कार्यालयात पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसली होती आणि बहीण घाबरीघुबरी होऊन आप्पांना शोधत होती. आप्पा म्हणजे तिचे थोरले सासरे, वय एक्याऐंशी, सकाळी साताऱ्याहून एसटीने एकटे निघालेले. पोचल्याचा फोन आलेला, पण माणूस कुठे दिसत नव्हता. मोबाइल बंद. दीडच्या सुमारास ते स्वतःच जिना उतरून खाली आले. तोंडात विडा, चेहरा तृप्त.

त्या इमारतीत कार्यालयं दोन होती, तळमजल्यावर एक आणि पहिल्या मजल्यावर एक. दोन्ही दारांवर फुलांच्या कमानीत नवरानवरीची नावं. आप्पांनी दोन्ही पाट्या वाचल्या. गुड्डी कुठेच नव्हती. मग त्यांनी अंदाज केला. वरून मठ्ठ्याचा वास येत होता, ते वर गेले. वरच्या मंडळींनीही एवढा वयस्कर, फेटा बांधलेला पाहुणा पाहून काही विचारलं नाही. पहिल्या पंगतीत मानाने बसवलं. आप्पांनी पोटभर जिलबी खाल्ली, स्टेजवर जाऊन अक्षता टाकल्या, पाचशे एक रुपयांचं पाकीट नवरीच्या हातात दिलं आणि फोटो काढून घेतला.

“जेवण फर्मास होतं,” ते बहिणीला म्हणाले. “पण गुड्डी फार बदललीये गं.”

पाकीट परत मागायला वर कोणी जायचं यावर घरच्यांची थोडा वेळ चर्चा झाली आणि सगळे दुसऱ्या पंगतीला बसले. ‘१डी’वरचे चौसष्ट उर्फही अजून जिथल्या तिथे आहेत. ते काढायला नवा चेंज लागतो, त्याला पुन्हा पाच सह्या, आणि तारीख मिळाली आहे ती येत्या महिन्यातल्या रविवारची. त्या रविवारी गुड्डीच्या धाकट्या भावाचं लग्न आहे. पत्रिका कालच छापून आल्या. नवऱ्याच्या नावापुढे ‘उर्फ बंटी’ ठळक अक्षरांत आहे.